मागचं आधी बघा : कोकणात क्लोजअप काढताना स्वच्छ बॅकग्राउंड कसं मिळवायचं

सहा वर्षांपूर्वी श्रावणात, पावसाची एक सर ओसरल्यावर, आमच्या परसातल्या लिंबावर राणी पाकोळी पंख पसरून बसली होती. २०१५ मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झालं ते हेच. मी धावत कॅमेरा आणला आणि चौदा फोटो काढले. चौदाही फोटोंत पाकोळी बरी आली होती. तिच्या मागे न्हाणीबाहेरचं निळं प्लास्टिकचं पिंप मात्र तिच्याहून बरं आलं होतं. त्या रात्री दीड वाजेपर्यंत मी संगणकावर ते पिंप पुसत बसलो. पिंप गेलं, जाताना पाकोळीची अर्धी मिशी आणि पंखाची कड घेऊन गेलं.

सकाळी पुन्हा त्याच जागी जाऊन उभा राहिलो. पाकोळी नव्हतीच. डावीकडे एक पाऊल सरकून किंचित वाकलो, तर पिंप लिंबाच्या खोडाआड गेलं आणि मागे उरलं गडग्यापलीकडचं (दगडी कुंपणापलीकडचं) भाताचं खाचर, ढगाखालचं, सपाट हिरवंगार. एका पावलाचं काम मी आदल्या रात्री चार तास माऊसने करत होतो.

नुकताच कॅमेरा घेतलेल्यांनी किंवा फोनवर मॅक्रो, म्हणजे छोट्या गोष्टींचे अगदी जवळून फोटो, काढू पाहणाऱ्यांनी तरी त्या चार तासांत अडकू नये, म्हणून हे लिहितोय. उदाहरणं आमच्या सिंधुदुर्ग-रत्नागिरी पट्ट्यातली आहेत.

सोबत काय घ्यायचं

- कॅमेरा आणि ९० ते १०५ मिमीची मॅक्रो लेन्स. नसेल तर अडत नाही. ५० मिमीच्या लेन्सला २५ मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी) लावली की विषय सेन्सरवर खऱ्याच्या निम्म्या आकारात येतो. टेलिझूम असेल तर तिच्यापुढे चांगल्या प्रतीची क्लोजअप फिल्टर, म्हणजे जवळचं मोठं दाखवणारं भिंग, स्क्रू करा. मी पहिली दोन वर्षं त्यावरच काढली.
- काळी छत्री. हसू नका, पुढे तिचं स्वतंत्र प्रकरण आहे.
- आडवं व्हायला गोणपाट किंवा जुनी चटई.
- कपड्यांचे चार चिमटे आणि हातभर सुंभ.
- बटर पेपर, दोन रबरबँड, एक कोरडा पंचा.
- एक काठी.
- तिथी दाखवणारं कॅलेंडर आणि भरती-ओहोटीच्या वेळा.

कागदपत्रांचं म्हणाल तर समुद्रकिनारी किंवा स्वतःच्या परसात कोणी काही विचारत नाही. अभयारण्यात किंवा राखीव वनात जायचं असेल तर वनखात्याची परवानगी आणि ओळखपत्र लागतं. आणि आंब्याच्या दिवसांत कुणाच्या हापूसच्या बागेत न विचारता पाठीवर सॅक टाकून शिरू नका. राखणदाराला तुम्ही चतुराचे (ड्रॅगनफ्लायचे) फोटो काढताय हे पटवणं फार अवघड जातं.

१. आधी बॅकग्राउंड शोधा, मग विषय

सगळे उलटं करतात. कीटक दिसला की धावतात आणि मागे जे काय असेल ते पदरात घेतात. तुम्ही सकाळी बाहेर पडलात की आधी मोकळा रंग शोधा. मोकळा म्हणजे सलग, एकाच उजेडातला, बारीकसारीक काड्या-पानं नसलेला पट्टा.

आमच्याकडचे माझे हुकमी रंग सांगतो. भाताचं खाचर: श्रावणात पोपटी, दसऱ्याच्या सुमाराला पिवळंधमक, कापणी झाली की मातकट. सावलीतली चिऱ्याची भिंत: तांबूस तपकिरी, पांढऱ्या फुलाला फार शोभते. खाडीचं संथ पाणी: आकाश जसं असेल तसं, बहुतेक वेळा राखी. सकाळच्या वेळी समोरच्या डोंगराची उन्हात न आलेली बाजू: जवळजवळ काळीनिळी. असा पट्टा मिळाला की त्याच्या अलीकडे, मेरेवर किंवा कुंपणावर, काय बसलंय ते बघायचं. टाचण्या (चतुराचे सडपातळ भाऊबंद), चतुर, नाकतोडे, ओंबील (झाडावरच्या तांबड्या मुंग्या) असं काहीतरी सापडतंच. समजा नाही सापडलं, तर एखादं तेरड्याचं फूल आहेच.

आता नको ते रंग. माडाच्या झावळ्यांतून दिसणारं आकाश हा कोकणातला सगळ्यात मोठा सापळा आहे. डोळ्याला तो हिरवा गारवा वाटतो, कॅमेऱ्याला मात्र शंभर पांढरी भोकं दिसतात. धूसर झाली की ती भोकं मोठ्या पांढऱ्या चकत्या होतात आणि नजर कीटकाकडे ठरतच नाही. पोफळीच्या आगरात दुपारी जमिनीवर पडणारे कवडसेही तसेच. दुसरा सापळा समुद्राचा. पाणी आणि आकाश यांची रेघ कितीही धूसर केली तरी फोटोभर आडवी राहते, आणि ती बहुधा खेकड्याच्या डोळ्यांतूनच जाते. किंचित वर किंवा खाली होऊन एक तर सगळं पाणी घ्या, नाहीतर सगळी वाळू.

२. अंतराचं गणित, एकदाच समजून घ्या

‘लेन्स महाग घेतली की मागचं आपोआप उडतं’ असं दुकानात सांगतात. अर्धं खरं आहे. समजा १०० मिमीची लेन्स आहे, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक, एफ/८ ठेवलंय (आकडा लहान तितकं भोक मोठं) आणि फूल ३० सेंमीवर आहे. फुलामागचं गवत १० सेंमीवर असेल तर ते ओळखू येईल इतपतच धूसर होतं. तेच गवत १ मीटर मागे असेल तर धूसरपणा साधारण तिप्पट होतो. इथपर्यंत चैन आहे. पण १ मीटरवरून ३ मीटरवर गेलात तर फरक जेमतेम पडतो.

म्हणून माझा हिशेब असा: विषय आणि मागचं यांत एक मीटर मोकळा मिळाला की अंतराची चिंता सोडायची. त्यापुढे बॅकग्राउंड बिघडतं ते उजेडाच्या तुकड्यांमुळे आणि विजोड रंगांमुळे. ते लेन्स दुरुस्त करत नाही, तुमचं उभं राहणं करतं.

एक मीटर मिळवायचा कसा? झुडपाच्या मधोमध असलेलं फूल सोडून द्या, कडेचं, बाहेर झुकलेलं घ्या. गडग्याला चिकटलेला कोळी सोडा, दोन झाडांमध्ये जाळं बांधलेला घ्या. मनाला लागतं, कारण मधलं फूल हमखास जास्त सुंदर असतं. सोडा तरीही.

लांब लेन्सचा खरा फायदा वेगळाच आहे. तिला मागचं कमी दिसतं. फुल फ्रेम (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ५० मिमीच्या लेन्सला तीन मीटरवरचा सुमारे सव्वादोन मीटर रुंद पट्टा दिसतो, १०० मिमीला एक मीटरच्या थोडा वर, २०० मिमीला अर्ध्या मीटरच्या आसपास. अर्ध्या मीटरचा स्वच्छ तुकडा कुठेही सापडतो, सव्वादोन मीटरचा शोधत फिरावं लागतं. आणि लांब लेन्सने बोटभर सरकलं तरी मागचा तुकडा पार बदलतो.

फोनवाल्यांनी हे नीट वाचा. बऱ्याच फोनांत ‘मॅक्रो’ बटण दाबलं की आतून अल्ट्रावाइड कॅमेरा चालू होतो. म्हणजे मुंगीबरोबर अख्खं खळं, तुळशीवृंदावन आणि वाळत घातलेली कोकमं फोटोत येतात. त्यापेक्षा दुप्पट-तिप्पट झूमची स्वतंत्र लेन्स फोनला असेल तर तिच्यावर क्लिपवालं क्लोजअप भिंग बसवा. पोर्ट्रेट मोड टाळा. तो चतुराचे पाय आणि फुलपाखराच्या मिशा बॅकग्राउंड समजून कापतो.

३. वेळ : खारे आणि मतलई

शाळेत भूगोलात पाठ केलेलं इथे कामाला येतं. दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे, रात्री जमिनीकडून जाणारे मतलई. पावसाळा सरल्यावर, साधारण दिवाळीपासून शिमग्यापर्यंत, एक थांबून दुसरा सुरू होण्याच्या मधे सकाळी वारा पडतो. उजाडल्यापासून नऊ-साडेनऊपर्यंत गवताचं पातं हलत नाही. थंडीत टाचण्या दवाने भिजलेल्या असतात, अंग गरम होईपर्यंत उडत नाहीत. तुम्ही जागा तीनदा बदला, त्या बसूनच असतात.

वाऱ्याचा आणि बॅकग्राउंडचा संबंध काय, असं वाटेल. वारा असला की तुम्ही शटरचा वेग वाढवता, उजेड पुरत नाही, मग फ्लॅश लावता, आणि फ्लॅशने मागचं काळंठिक्कर होतं. त्यापेक्षा लवकर उठलेलं परवडतं.

पावसाळ्यात हे वेळापत्रक चालत नाही. पण ढगाळ दिवसाचा उजेड सगळीकडे सारखा असतो, कवडसे नसतात, मागचं आपोआप गुळगुळीत येतं. फक्त कॅमेरा वर करू नका, ढगाळ आकाश फोटोत पांढरी भिंत होतं.

४. आडवे व्हा

उभ्याने खाली बघून काढलं की बॅकग्राउंड म्हणजे जमीन, आणि जमीन विषयापासून दोन बोटांवर. कॅमेरा विषयाच्या डोळ्याच्या उंचीवर आणलात की तीच जमीन पाच-दहा मीटर मागे जाते. सगळ्या युक्त्यांत ही सगळ्यात स्वस्त आणि कपड्यांना सगळ्यात महाग.

श्रावण-भाद्रपदात सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, याचा पडताळा घ्या. कातळावरच्या बोटभर मातीत सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू अशी चिमुकली रानरोपं उगवतात. वरून काढलं तर नुसता जांभळा-पांढरा गालिचा. गालिच्याच्या कडेचं एक फूल निवडा, कॅमेरा कातळाला टेकवा, स्क्रीन उलटी फिरवता येत असेल तर फिरवा. समोर सडा लांबवर सपाट पसरलेला असतो, त्याचा एक मऊ जांभळट पट्टा होतो आणि त्यावर एकटं फूल उभं राहतं. पाय मात्र उघड्या कातळावरच ठेवा. त्या पातळ मातीत तुमचं एक पाऊल म्हणजे शंभर रोपं.

आडवं होण्याआधी काठीने आजूबाजूचं गवत आणि दगड चाचपा. सड्यावर फुरसं हा विषारी साप असतो, तो दगडाच्याच रंगाचा असतो आणि लहान म्हणून त्याला कोणी मोजत नाही. वेटोळी एकमेकांवर घासल्याचा खरखर आवाज आला तर फोटो राहू द्या, मागे सरा. दगड उचलून खाली बोटं घालू नका. चावलंच तर मंत्र-तंत्रात वेळ न घालवता सरळ सरकारी दवाखाना गाठायचा, प्रतिविष तिथे मिळतं.

किनाऱ्यावर वेगळी तयारी. वाळूतल्या खेकड्यांना ओहोटीची ओली, सपाट वाळू लागते आणि आपल्याला सकाळचा तिरपा उजेड. दोन्ही एकत्र कधी येतं? जुना ठोकताळा आहे: तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, येईल ती भरतीची वेळ. द्वितीयेला दीड, म्हणजे दुपारी दीडच्या सुमारास भरती, आणि ओहोटी त्याच्या साधारण सहा तास आधी, सकाळी सात-साडेसातला. म्हणून पुनवेनंतरचे किंवा अमावास्येनंतरचे पहिले दोन-तीन दिवस धरा. उधाणाचे दिवस असल्याने पाणीही लांब आत जातं. हिशेब ढोबळ आहे, गावागावाला थोडा पुढे-मागे होतो, तेव्हा छापील वेळा बघून घ्या.

बिळापासून दोन मीटरवर पोटावर पडा, कोपर वाळूत रोवा आणि हलू नका. मी एकदा मोजलं होतं: अकराव्या मिनिटाला आधी एक डोळा वर आला, काडेपेटीच्या काडीएवढ्या देठावर. मग दुसरा. मग पुढच्या नांगीत धरलेला वाळूचा गोळा, तो त्याने बाहेर भिरकावला आणि पुन्हा आत. चौथ्या गोळ्याला तो बाहेरच थांबला. मागे ओल्या वाळूवर आकाशाची फिकट गुलाबी झाक होती, तिच्यात एकही शंख नाही, काडी नाही. त्या फोटोला मी फक्त कड कापली आहे. उरलेली वाळू अजून माझ्या झूम रिंगमध्ये आहे, फिरवली की कुरकुरते. म्हणून तुम्ही लेन्सला प्लास्टिकची पिशवी गुंडाळा.

५. अ‍ॅपर्चर किती?

नवीन माणूस एक तर एफ/२.८ ला चिकटतो नाहीतर एफ/२२ ला. खऱ्या आकारात, म्हणजे १:१ ला, एफ/८ वर फुल फ्रेम कॅमेऱ्याला जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा भाग स्पष्ट मिळतो. एफ/२.८ ला डोळा स्पष्ट आणि मिशा धुक्यात. एफ/२२ ला मागच्या काड्या परत येतात आणि एकूण फोटो मऊ पडतो.

मी एफ/५.६ ते एफ/११ मधे राहतो आणि कॅमेऱ्याचा कोन बदलतो. टाचणी बसलेली असेल तर सेन्सर तिच्या शरीराला समांतर ठेवा. डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळं एकाच पातळीत येतं, एफ/८ पुरतं आणि मागचं धूसर राहतं.

इथे एक फसवणूक होते. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून तुम्हाला लेन्स पूर्ण उघडी असतानाचं चित्र दिसतं. मागचं लोण्यासारखं मऊ. फोटो एफ/११ ला निघतो आणि तीन काड्या उगवतात. कॅमेऱ्याला डेप्थ-ऑफ-फील्ड प्रिव्ह्यूचं बटण असेल तर ते दाबून बघा. नसेल तर एक चाचणी फोटो काढून मोठा करून तपासा.

६. छत्री

आता ते प्रकरण. विषय छान आहे, मागे मीटरभर अंतरही आहे, पण मागच्या झुडपावर उन्हाचे पट्टे पडलेत. सोबत कोणी असेल तर त्याला छत्री उघडून ऊन अडवायला सांगा, सावली फक्त मागच्या झुडपावर पडेल अशी. विषय उजेडात, मागचं सावलीत. पट्टे गेले, रंग एकसारखा गडद झाला. संगणकावर याला अर्धा तास लागतो आणि तरी खोटं दिसतं. मी हे काम पुतण्याकडून करून घेतो, एका सकाळीला एक वडापाव असा दर आहे.

एकटे असाल तर छत्री गवतात रोवून सुंभाने बांधा. वारा अडवायलाही तीच. बारीक फुहार असेल तर मान आणि खांद्यात धरून काढता येतं, दोन दिवसांत सवय होते.

मागचं गडद झालं की कॅमेरा अख्खं चित्र अंधारं समजून विषय जास्त उजळ करतो. पांढरं फूल भाजल्यासारखं येतं. एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप उणे म्हणजे उजेड निम्मा) उणे करा. उजळ वाळूवर याच्या उलट, थोडं अधिक.

आड येणारी गवताची काडी तोडू नका, वाकवून चिमट्याने बाजूच्या काडीला धरून ठेवा आणि निघताना सोडा. किडे फ्रिजमध्ये गार करून आणून फोटो काढणारे लोकही मी पाहिलेत. त्यांच्याशी मी बोलत नाही.

७. फ्लॅश, लागलाच तर

अंतर दुप्पट झालं की फ्लॅशचा उजेड चौथाईवर येतो. त्यामुळे हातभर अंतरावरचा बेडूक लख्ख आणि मागचं रान काळं. रात्री काढत असाल तर ते खरंच आहे, चालतं. दिवसा काढलेला चतुर काळ्या पडद्यावर मात्र विचित्र दिसतो. फ्लॅशवर बटर पेपर दुहेरी बांधा, ताकद कमी करा, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ८०० पर्यंत नेऊन शटरचा वेग १/६० सेकंदाच्या आसपास उतरवा. मागच्या हिरव्याला थोडा नैसर्गिक उजेड मिळतो.

८. दाबण्याआधी चार कोपरे

विषयावर फोकस झाला की नजर तिथून काढा आणि फ्रेमच्या कडेकडेने एक फेरी मारा. कोपऱ्यातलं पिवळं पान, तिरकी काडी, स्वतःच्या चपलेचा अंगठा. माझ्या जुन्या फोटोंत चपला तीन ठिकाणी आहेत.

९. संगणकावर किती?

रॉ मधे, म्हणजे कॅमेऱ्याने न सजवलेल्या मूळ फाइलमध्ये, काढा. व्हाइट बॅलन्स, थोडं एक्स्पोजर, कड कापणं, सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके पुसणं. एवढंच. ठिपक्यांची आधीच कल्पना देतो: बॅकग्राउंड जितकं स्वच्छ तितके ते जास्त दिसतात. दोन-तीन मिनिटांत फोटो उरकत नसेल तर चूक शेतात झालेली असते, पुन्हा जाऊन काढा. सपाट रंग फार ताणला तर जेपेगमध्ये त्याचे जिन्यासारखे पट्टे पडतात, तेही लक्षात ठेवा. पुढेमागे निसर्ग छायाचित्रांच्या स्पर्धेत पाठवायचं असेल तर नियम वाचा. चित्रातली वस्तू काढणं किंवा घालणं बहुतेक ठिकाणी बाद ठरतं, मूळ रॉ फाइलही मागतात.

१०. घरी आल्यावर

खारी हवा आणि दमट घर, दोन्ही लेन्सचे वैरी. आधी किंचित ओल्या, मग कोरड्या फडक्याने बॉडी पुसा. एसी खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढला तर काचेवर वाफ धरते, अर्धा तास आधी बॅगेतच बाहेर ठेवा. कपाटात ठेवलेल्या लेन्सला पावसाळ्यात बुरशी येते, माझी एक गेली. आता घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवतो. तांदूळ घालू नका, त्याची भुकटी लेन्समध्ये जाते. सिलिकाच्या निळ्या गोळ्या गुलाबी झाल्या की त्यांनी ओल पुरेपूर शोषली असं समजायचं. मंद आचेवर तव्यात परतल्या की पुन्हा निळ्या होतात. तवा मात्र त्यासाठी जुना, वेगळा ठेवा, पुन्हा भाकरीला वापरायचा नाही. निळा रंग ज्या रसायनाचा असतो ते पोटात जाणं बरं नव्हे. आमच्या घरी त्या तव्यावर खडूने ‘कॅमेरा’ असं लिहून ठेवलंय.